उन्हाळी

"किती येला सांगू? उन्हाळी लागलीय. बसच्या इंजिनाची धग खालून लागते," वामन डॉक्टरीणबाईंना वैतागून म्हणाला.

शेजारी बसलेल्या सखूला हे पाठ झालं होतं. शेतं सिडकोत गेल्यावर तिचा नवरा कारखान्याची बस चालवू लागला होता. त्याला लघवीला जळजळ सुरू झाल्यापासून ती धण्याचं पाणी गाळत होती, सब्जा भिजवत होती, त्याच्या तळपायाला तेल चोळत होती. अर्ध्या घणसोलीला तिनं उपाय विचारले. शेवटी पू येऊ लागला, तेव्हा ती त्याला ओढतच वाशीच्या दवाखान्यात घेऊन आली.

"तपासणीत परमा, म्हणजे गनोरिया, निघाला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे दुसरेच जंतू आहेत. पण येतात त्याच वाटेनं. बाहेर कुणाकडे गेला होतात?"

वामन भिंतीकडे बघत म्हणाला, "नाक्यावरच्या एका बाईकडं. पन तसला काय केला नाय. तिनं निस्ता तोंडान... त्यात धोका नाय, डायवर लोक म्हनतात."

"जंतू घशातही असतात. तिला स्वतःलाही पत्ता नसेल." बाई सखूकडे वळल्या. "गोळ्या तुम्हालाही घ्यायच्यात."

"मना काय बी होत नाय."

"बायकांना पुष्कळदा कळतच नाही. पुढे पोटात दुखतं, मूल राहत नाही. दोघांनी पूर्ण आठवडा घ्या. तोवर जवळ यायचं नाही."

घरी येताच सखूनं भिजवलेला सब्जा तेवढा मोरीत ओतला.

दोन दिवसांत जळजळ थांबली आणि वामननं गोळ्या सोडल्या. पुडी सखूला त्याच्या खाकी शर्टाच्या खिशात तशीच सापडली.

"बरा झालो ना मी. उगाच कशाला?"

"तुमी बरे झाले. आनि मी?" पडवीत सासू होती, म्हणून सखूनं आवाज चढवला नाही. "शेन तुमी खायाचा, औषध मी खायाचा, आनि वर तुमच्या मागं बी मीच धावायचा?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वाशीला गेली, बाईंची बोलणी खाल्ली, दोघांसाठी नव्यानं गोळ्या घेऊन आली. तेव्हापासून रोज सकाळी गोळी दिल्यावर ती वामनला उजेडात, दाराशी उभं करी.

"तोंड उघडा. जीभ वर करा."

तो निमूट जीभ वर करी. ती वाकून नीट बघे.

"काय बघतेस गो त्याच्या तोंडान?" एकदा सासूनं विचारलं.

"दाढ दुखतेय त्यांची," सखू म्हणाली, आणि पाठ वळवून आपली गोळी गिळली.