रेशमी ताप

आमचं इस्त्रीचं दुकान होतं तेव्हा इस्त्री किती तापलीय हे आई डाव्या गालानं ओळखायची. इस्त्री उचलून गालाजवळ न्यायची, टेकवायची नाही, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "सुती." मग चादरी आणि शर्ट पुढे यायचे. जरा निवली की "रेशमी." मग दोरीवरचे नाजूक कपडे.

तोच गाल आमच्या कपाळालाही लागायचा. दादा किंवा मी कण्हायला लागलो की ती वाकायची आणि त्याच भाषेत निकाल द्यायची. रेशमी ताप म्हणजे गुपचूप शाळेत जायचं. सुती ताप असला तर दुकानाच्या मागच्या बाजूला गठ्ठ्यांवर झोपायचं, वाफेचा आणि खळीचा वास घेत. मला सुती ताप फार आवडायचा. एकदा रेशमी ठरवून धाडलेला दादा शाळेतून गोवर घेऊन परत आला. आई म्हणाली, "मी ताप सांगितला होता. पुरळाचं मला कुणी विचारलं?"

पुढे मी भौतिकशास्त्र शिकले. आता एका प्रयोगशाळेत तापमापकं तपासते. आई सगळ्यांना सांगते, "हिनं आमचंच दुकान पुढे चालवलंय, फक्त कपडे नाहीत."

दोन वर्षांपूर्वी आईच्या त्याच गालात कळ सुरू झाली. आधी दाढ वाटली. दाढ काढली, कळ राहिली. चूळ भरताना, घास चावताना, नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी विजेचा झटका बसल्यासारखी आई जागच्या जागी थिजायची. गोळ्यांनी आधी बरं वाटलं. मग मात्रा वाढत गेली, आई बोलता बोलता पेंगायला लागली, चालताना भिंत धरायला लागली, आणि कळ होती तिथेच. तिच्या चेहऱ्याजवळ कुणी जाईनासं झालं. घरातून निघताना मी तिच्या खांद्यावर हात ठेवायचे.

सर्जनबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी कागदावर चेहऱ्याची नस काढून दाखवली. मेंदूजवळ एक रक्तवाहिनी तिच्यावर टेकली होती.

"आजी, एक रस्ता सुईचा. गालातून सुई आत नेऊन नसेचा थोडा भाग उष्णतेनं भाजायचा. लवकर घरी जाल. पण गाल बधिर होईल."

"म्हणजे मलाच इस्त्री करणार," आई म्हणाली.

सर्जनबाई हसल्या. "दुसरा रस्ता किरणांचा. कापाकापी नाही, पण गुण यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. बधिरपणा त्यातही येऊ शकतो. तिसरा, कानामागे कवटीला छोटं भोक पाडून रक्तवाहिनी बाजूला करायची आणि मध्ये मऊ तुकडा ठेवायचा. गालाची जाणीव बहुतेक राहते. मात्र हे मोठं ऑपरेशन. ऐकू कमी येण्याचा धोका आहे, क्वचित त्याहून मोठाही."

"आई, सुईचंच करू," मी म्हणाले. "तुझं वय बघ."

"वय माझं आहे ना? मग मीच बघते." तिनं कागदावरच्या नसेकडे बोट केलं. "मध्ये कापड घालायचं. एवढंच ना?"

"एवढंच नाही गं आई."

"तुला काय वाटतं, मला भीती नाही? पण पोरी, गाल बधिर झाला तर तो असून काय उपयोग? दोन वर्षं तो नसल्यासारखाच आहे."

सर्जनबाईंनी हृदयाच्या आणि बाकीच्या तपासण्या करून घेतल्या आणि होकार दिला. ऑपरेशनच्या दिवशी दादा बाहेर येरझाऱ्या घालत होता. मी बाकावर बसून धोक्यांची टक्केवारी मनात घोकत होते. त्यानं काडीचाही धीर आला नाही.

शुद्धीवर आल्यावर आईनं आधी पाणी मागितलं. घोट घेतला, चेहरा आवळून वाट पाहिली. कळ आली नाही. तिनं दुसरा घोट घेतला.

घरी आणल्यावर तिला खुर्चीत बसवलं. कानामागे पट्टी होती. धावपळीनं माझंच अंग कसकसत होतं. मी न सांगताच तिनं ते ओळखलं.

"इकडे ये. वाक."

"आई, नको. दुखेल."

"वाक म्हणते ना."

मी वाकले, श्वास रोखून. तिनं डावा गाल माझ्या कपाळाला लावला. तो थोडा खरखरीत झाला होता. ती दचकली नाही. इस्त्रीला लागायचा त्याहून खूप जास्त वेळ तिनं तो तसाच ठेवला.

"रेशमी," ती म्हणाली. "उद्या कामाला जा."