दहा उपवास

ब्लाउजचा सगळ्यांत खालचा हूक, पितळी, जरासा वाकलेला, आज तरी अडकेल असं अंजनाला वाटलं होतं. दहा दिवस अन्नाचा कण नाही, दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, एवढंच… आणि तरी हूक समोरच्या काजाच्या अलीकडंच थांबला. हात काटकुळे झाले होते, गालांची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. पण बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली तो मऊ उंचवटा होता तसाच होता. तिनं श्वास आत ओढला, हूक लावला आणि पदर पुढं घेतला.

बाहेर सोप्यात बायका जमल्या होत्या. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे पुरे दहा उपवास मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत यंदा तिनंच एकटीनं केले होते, आणि आज पारणं होतं. पाटावर बसताना तिला गरगरलं. शेजारच्या आक्का, सत्तरीच्या, पुढं आल्या आणि वाकून चक्क तिच्या पाया पडल्या.

“आक्का, अहो हे काय…”

“पडू दे की. मला उभ्या जन्मात चार उपवास धड झालं न्हाईत. केवढं घट्ट मन हाय तुझं.”

तिनं पाय मागं घेतले; पण मागं भिंत होती.

घट्ट मन! वैशाखात मुरगूडच्या लग्नात श्रीपालच्या स्नेह्यानं, बाळासोंनी, खुर्ची पुढं केली होती. “बसा की वहिनी, अशा दिवसांत उभं ऱ्हाऊ नये.” आणि श्रीपाल, तिचा नवरा, हसला होता. “तसलं काय न्हाय हो, जेवणाचं हाय ते.” आजूबाजूचे सगळे हसले. तीही हसली… आपणही हसलो, हेच तिला अजून गिळता येत नव्हतं. मग सकाळचं लिंबू-पाणी, संध्याकाळचा भात बंद, दार लावून काढलेल्या उठाबशा, साडीच्या आत करकचून बांधलेला जुन्या लुगड्याचा पट्टा. भाद्रपद आला तेव्हा मनात देव आले नाहीत, धर्म आला नाही; दहा दिवसांत हे जाईलच, एवढं एकच आलं. बस्तीत जिनमूर्तीपुढं जपाला बसले तेव्हासुद्धा माझा एक हात पदराखाली पोट चाचपत होता, आणि आता ही म्हातारी माझ्या पायावर डोकं ठेवते…

सासू मुगाच्या कढणाची वाटी घेऊन समोर बसली. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. अव्वांचे डोळे सकाळपासून ओले होते. त्यांनी चमचा उचलला तशी अंजना पुढं झुकून हळूच म्हणाली, “अव्वा, माझं एवढं कौतुक करू नका. मी हे धर्मासाठी नाही केलं. पोटासाठी केलं.”

चमचा थांबला.

“मला काय कळत न्हाय व्हय गं?” अव्वा म्हणाल्या. “विमल सात वर्षांची झाली. दुसरं पोर पोटाला यावं म्हणून केलंस न्हवं? त्यात लाजायचं काय?”

आणि त्यांनी आपला खरखरीत तळवा तिच्या पोटावर ठेवला, नेमका तिथंच, बेंबीच्या वर. दारात उभ्या श्रीपालनं ते ऐकलं असावं. त्यानं मान खाली घातली, आणि पुन्हा वर बघितलं तेव्हा त्याच्या नजरेत असं काही होतं, जे तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर बघितलं नव्हतं.

तसं नाही, अव्वा… शब्द ओठांवर आले होते. अव्वांचा हात अजून तिथंच होता.

तिनं तोंड उघडलं, आणि चमचा आत आला. कढण कोमट होतं, जिरं लागत होतं. ते उतरत गेलं आणि बरगड्यांखाली ऊब पसरली. वैशाखापासून आत ओढून धरलेला श्वास तिनं सोडून दिला, पोट अव्वांच्या तळव्यात निवांत भरलं, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. लाज होती, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त होती. पण ती आता पोटाची नव्हती, आणि ती कुठल्या पट्ट्यानं आवळायची हे तिला कळेना. तिनं पुन्हा तोंड उघडलं. भूक लागली होती.