पलीकडच्या काठचं विरजण

मी एक जुनी तांब्याची किटली आहे, मित्रांनो, पण चहाची नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या काचेच्या पेटीसमोर रोज कुणी ना कुणी उभं राहून म्हणतं, "बापरे, केवढी चहाची किटली!" आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मला ना चोच, ना कधी मी चुलीवर बसले. दोन कान, त्यांत अडकवलेली कडी, आतून कल्हई आणि वर सैल बसणारं झाकण, एवढाच माझा संसार. माझ्यातून बिअरचं विरजण जायचं, ज्याला यीस्ट म्हणतात. बिअर ही मोठ्यांची गोष्ट आहे, आणि मोठे झाल्यावरही तुम्ही तिच्या नादी लागावं असं मी म्हणणार नाही. माझी गोष्ट विरजणाची आहे, आणि विरजण तर तुमच्याही घरात असतं.

देव्हेंटर गावच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तिथून मी ओल्डनबेकच्या हेसेलिंक घराण्यात आले. या गावाच्या मधून कालवा जातो. कालव्याच्या अलीकडे आम्ही प्रोटेस्टंट, पलीकडे कॅथलिक. त्यामुळे गावात शाळा दोन, बेकऱ्या दोन, वाजंत्रीवाले दोन आणि बिअरचे कारखानेही दोन. अलीकडचा माणूस पलीकडच्या बिअरला शिवत नसे. कालव्यात उभा असलेला राखी बगळा तेवढा दोन्ही काठांवर हक्काने मासे खायचा.

आमच्याकडे सातू भिजवून त्याला मोड आणायचे, मग ते भाजून भरडायचे आणि गरम पाण्यात कालवायचे. त्याचा गोड रस निघे. तो रस हॉप्सच्या कडू फुलांबरोबर काहिलीत उकळायचा आणि वरच्या मजल्यावर खोलीएवढ्या तांब्याच्या परातीत निवायला सोडायचा. निवला की माझी पाळी. मी तळघरातून विरजण घेऊन यायची, ते रसात पडायचं आणि मग कालव्यातून कापून आणलेल्या बर्फाच्या गारव्यात पिंपं कित्येक आठवडे शांत पडून राहायची. मालक वोल्टर हेसेलिंक नव्या माणसाला पहिला धडा माझ्यावरच देत. "विरजण जिवंत आहे. ते श्वास घेतं. झाकण कधी घट्ट लावायचं नाही. लावशील तर कामावरून जाशील." हे ऐकताना मला फार मोठेपणा वाटायचा.

बिअरवाल्यांचा एक जुना रिवाज होता. कुणाचं विरजण मेलं, तर त्याने दुसऱ्या कुणाकडेही मागावं, अगदी वैऱ्याकडेही. देणाऱ्याने नाही म्हणायचं नाही आणि दाम घ्यायचा नाही. मात्र मागायला मालकाने स्वतः जायचं, स्वतःची किटली घेऊन. आणि आपलं काम झालं की तीच किटली ताज्या विरजणाने भरून परत न्यायची. आमच्या घरावर ती वेळ कधी आली नव्हती. त्याचा वोल्टर मालकांना भारी ताठा होता.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. त्या हिवाळ्याच्या शेवटी आमच्या दोन घाण्यांची बिअर आंबट निघाली. खानावळवाल्यांनी पिंपं परत पाठवली आणि बजावलं, की ईस्टरच्या जत्रेची बिअर बिघडली तर यापुढे आम्ही आम्सटरडॅमच्या मोठ्या कारखान्याची घेऊ. त्या मोठ्या कारखान्याचा माणूस तर सोमवारी येणारच होता, आमचा कारखाना विकत घेऊन बंद करायला. वोल्टर मालकांनी कोठारातला उरलेला सगळा सातू एकाच घाण्यात घातला. शनिवारी दुपारी रस परातीत पडला, आणि मालकांची मुलगी फेना मला घेऊन तळघरात उतरली. मागोमाग मालकही आले. तिने विरजणाच्या टबात वाकून वास घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, हे गेलंय."

"गेलंय म्हणजे? सकाळी मीच वास घेतला ना!"

"तुमचं नाक चार दिवस चोंदलंय. मी म्हणत होते, मला बघू द्या. शिरका झालाय याचा नुसता."

मालकांनी बोट बुडवून चाखलं. लगेच थुंकून टाकलं. रस संध्याकाळपर्यंत विरजला नाही, तर दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी आमच्या घरात कुणी कामाला हात लावत नसे. सोमवारपर्यंत तो रस गटारात ओतण्याच्या लायकीचा झाला असता.

"मी पलीकडून घेऊन येते," फेना म्हणाली.

"त्या बाईकडून? त्यापेक्षा सगळा रस कालव्यात ओतेन!"

"मग ओता. सोमवारी आम्सटरडॅमवाले रिकामी परात घेऊन जातील."

मालकांनी तोंड फिरवलं. फेनाने मला उचललं आणि जवळजवळ पळतच पूल ओलांडला.

पलीकडचा कारखाना आलेदा कोर्टबेक नावाची विधवा चालवत होती. बाह्या वर खोचून ती पिंपं धूत होती. मला पाहताच ती हसली.

"हेसेलिंकांची किटली! इतकी घासलेली किटली दुसरीकडे सापडायची नाही. आत कुणी पाहुणा राहतो की काय?"

"आलेदाकाकू, विरजण हवंय. रस परातीत पडलाय."

"देईन की. नाही म्हणायला मी काय तुझा बाप आहे?" मग तिचं हसू मावळलं. "पण मागायला मालक येतो, पोरी. माझा नवरा गेला तेव्हा तुझे बाबा आमच्या चर्चच्या दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. चाळीस वर्षं दोघं एकाच कालव्याचा बर्फ कापत होते. पूल चढताना पाय दुखत असतील, तर सांग, मी खुर्ची पाठवते."

फेनाने विनवणी केली, पण बाई बधल्या नाहीत. मी रिकामीच परत आले. वाटेत माझी कडी खुळखुळत होती आणि तो आवाज मला ऐकवत नव्हता.

मालकांनी निरोप ऐकला. परातीतल्या रसात हात घातला. रस निवला होता. मग त्यांनी चर्चला जायचा लांब काळा कोट अंगावर चढवला, टोपी घातली आणि मला हातात घेतलं.

"आलात," आलेदाबाई म्हणाल्या.

"आलो."

"काय हवं?"

"विरजण."

"मोठ्याने बोला. पिंपांचा आवाज फार होतोय."

एकही पिंप हलत नव्हतं. मालकांचा जबडा आवळला. "विरजण हवंय, आलेदाबाई!"

"बघा, जमलं की." बाईंनी मला पाऊण भरलं आणि वर आपल्या ताज्या रसाचे दोन डाव ओतले. "वाटेत भूक लागेल त्याला. झाकण मात्र..."

"मला झाकण शिकवता?" मालक म्हणाले आणि निघाले.

मित्रांनो, खरं संकट इथून पुढे आहे. शनिवारचा बाजार उठत होता आणि पुलावर आमच्या काठची माणसं उभी होती. त्यांच्या मधोमध आमचे पाद्रीबुवा. कॅथलिकांचं विरजण नेताना त्यांनी आपल्याला पाहिलं, तर काय म्हणतील? मालकांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या झाकणावर जोरात मूठ मारली, ते घट्ट बसवलं आणि मला कोटाच्या आत पोटाशी लपवलं. जन्मभर ज्यांनी लोकांना झाकण सैल ठेवायला शिकवलं, त्यांनी हे केलं. मला रडू यायचं बाकी होतं.

"अरे वोल्टर!" पाद्रीबुवांनी गाठलंच. "बरा भेटलास. चर्चचं छप्पर पुन्हा गळतंय बघ."

"हो का," मालक म्हणाले.

पाद्रीबुवा छपराविषयी बोलू लागले. कौलांवरून ते वाशांवर आले, वाशांवरून सुतारावर, आणि सुतार कसा आळशी आहे त्यावर. इकडे कोटाच्या उबेने आणि त्या ताज्या रसाने विरजण चेकाळलं होतं. माझ्या पोटात वायू भरू लागला. मी टम्म फुगले. इतकी मोठी गुडगुड झाली, की पाद्रीबुवा बोलता बोलता थांबले.

"जेवला नाहीस वाटतं?"

बाजूच्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. मालकांच्या कपाळावर थंडीतही घाम आला. माझा एक कान धरून ठेवणारा रिवेट, म्हणजे तांब्याची खीळ, करकरला. तो निखळला असता तर मी फुटले असते आणि सगळं विरजण पुलावर सांडलं असतं. दुसऱ्यांदा मागायला मालक मेले तरी गेले नसते, आणि सूर्य तर चर्चच्या मनोऱ्यामागे चालला होता. मला ओरडता येत नव्हतं. रिवेट पुन्हा करकरला, आणि या वेळी त्यांनी तो ऐकला. त्यांच्या हाताला माझ्या अंगाची थरथरही कळली असणार.

त्यांनी कोट उघडला. मला सगळ्यांसमोर पुलाच्या कठड्यावर ठेवलं आणि अंगठ्याने झाकण वर लोटलं.

फस्स करून फेस उसळला. मालकांच्या बाहीवर गेला, टोपीवर गेला, पाद्रीबुवांच्या काळ्याभोर बुटांवरही पडला.

"आलेदाबाईंकडचं विरजण आहे," मालक मोठ्याने म्हणाले. "माझं मेलं. मी मागितलं, त्यांनी दिलं."

पाद्रीबुवांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग मावळतीकडे पाहिलं.

"मग इथे माझं छप्पर काय ऐकत बसलायस? पळ की! उद्या रविवार आहे!"

गर्दी दुभंगली. वोल्टर मालक म्हातारपणी असे धावले, की लोकांना पुढे वर्षभर विषय पुरला. एका हातात झाकण, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली मी, उघडी. निम्मं विरजण वाटेत गेलं, पण उरलं ते पुरलं. दिवे लागायच्या आत ते रसात पडलं.

रविवारी काम करायचं नव्हतं. पण रसाच्या टबाला कान लावणं हे काम नव्हे, असं मालकांनी स्वतःच ठरवलं. चर्चमधून आल्यावर ते आणि फेना दोघंही टबाला कान लावून उभे राहिले. बऱ्याच वेळाने आतून बारीक चुरचुर ऐकू आली. फेनाने बापाच्या गळ्यात हात टाकले. सोमवारी आम्सटरडॅमचा माणूस आला, त्याने टबावरचा पांढराशुभ्र फेस पाहिला आणि तो नुसती कॉफी पिऊन परत गेला.

पुढच्या शनिवारी मालकांनी मला ताज्या विरजणाने भरलं. झाकण खिशात ठेवलं. भर बाजारातून पूल ओलांडून ते आधी कॅथलिक चर्चच्या आवारात गेले आणि एका थडग्यापाशी टोपी काढून उभे राहिले. मग कोर्टबेकांच्या दाराशी आले. आलेदाबाईंनी मला हातात घेतलं. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलेलं असावं, कारण त्यांनी टोमणा मारला नाही. त्या नुसतं "आत या, सूप गरम आहे" म्हणाल्या.

ईस्टरच्या जत्रेतून एकही पिंप परत आलं नाही. पुढे फेनाने दोन्ही कारखाने एक केले. बाटलीवर चित्र कुणाचं लावायचं यावर भांडण झालं नाही, कारण बगळा दोघांचाही होता. आज ती बगळ्याची हिरवी बाटली जगभर जाते, आणि तिच्यातलं विरजण अजून त्याच वंशाचं आहे. आता ते पोलादी टाक्यांत वाढतं आणि पांढऱ्या कोटातली माणसं त्याची देखभाल करतात. मी निरुपयोगी झाले. काही वर्षं कचेरीत लोकांनी माझ्यात ओल्या छत्र्या उभ्या केल्या. मग मी माळ्यावर धूळ खात पडले. शेवटी कुणाला तरी आठवण झाली, मला घासूनपुसून कारखान्याच्या संग्रहालयात ठेवलं आणि खाली लिहिलं, "विरजणाची किटली".

इथे माझी काळजी घेतात, खोटं का बोलू? पण कुणी आत कचरा टाकू नये म्हणून त्यांनी माझं झाकण चार स्क्रूंनी पक्कं बसवलं आहे. मला ते सोसवत नाही. माझ्या आत आता काही नाही हे मला ठाऊक आहे. तरी हिवाळा सरत आला, की पुलावरचा तो रिवेट मला करकरताना ऐकू येतो, आणि वाटतं, आता कुणीतरी कोट उघडावा. मित्रांनो, तुम्ही इथे आलात, तर दारावरच्या काकांना माझ्यासाठी एवढं सांगा. चारही काढायला नकोत. एक स्क्रू काढला तरी मला पुरे.