घडीखालची ओळ

अबेकेबद्दल माझ्या मनात काही नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. साफ खोटं आहे ते. मला तिचा हेवा वाटायचा, आणि असा वाटायचा की सकाळचा घास घशाखाली उतरायचा नाही. मी पासष्ट वर्षांचा, निवृत्त शाळामास्तर, आणि एका भजी तळणाऱ्या बाईवर जळतो! पण होतं ते असं होतं.

आमच्या ओके-इरोकोच्या तिठ्यावर सुनमोनूचा पेपरचा ठेला आहे. फळीवर पेपर घडी घालून मांडलेले असतात आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक दगड. नियम असा की वरून दिसेल तेवढं फुकट वाचायचं, घडी उलगडायची तर पेपर विकत घ्यायचा. घेत कोणीच नाही. सकाळी सात वाजता पंधरावीस फुकटे त्या फळीवर ओणवे होतात आणि नुसत्या मथळ्यांवर सगळा नायजेरिया चालवतात. त्या गर्दीत बाकावर बसायचा मान एकट्या माझा. पेपर इंग्रजी, त्यामुळे मी मथळा वाचायचा, योरुबात सांगायचा आणि मग त्याचा अर्थ लावायचा. "मास्तर, म्हणजे पेट्रोल महागणार का?" कोणीतरी विचारायचं. मी मान हलवली की लोक डबे घेऊन पळायचे. वीस वर्षं हे चाललं. त्या वीस वर्षांत मी स्वतः एकही पेपर विकत घेतला नाही, हेही सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्यावरच सगळं येणार आहे.

घरीही तसंच. माझी बायको, रिसिकात तिचं नाव, इंग्रजी वाचत नाही. रस्त्याकडेला बसून ती कोनफळाचं पीठ विकते. मी ठेल्यावरून परत आलो की हातातलं माप तसंच धरून विचारायची, "अहो, आज काय आलंय?" सगळा तिठा माझं ऐकायचा, पण खरं सुख या प्रश्नात होतं.

मग अबेकेचा फोन लागला.

अबेके ठेल्याच्या समोरच चवळीची भजी तळते. रेडिओवर रोज सकाळी आठ वाजता अकिंदे नावाचा निवेदक पेपर वाचून दाखवतो आणि मग लोकांचे फोन घेतो. अकरा वर्षं मी तो नंबर फिरवत होतो. अकरा वर्षांत एकदाही लागला नाही. आणि या बाईने तुंबलेल्या गटाराबद्दल बोलायला झारा बाजूला ठेवून, पिठाच्या हाताने नंबर दाबला, तर लागला की लगेच! "अकिंदे, माझ्या भज्यांना वास चवळीचा यायला पाहिजे, तो येतोय गटाराचा. आमच्या आमदाराला बोलव की खायला!" असं ती म्हणाली. अकिंदे हसून हसून बेजार झाला. तिसऱ्या दिवशी गटार उपसायला माणसं आली. तेव्हापासून 'ओके-इरोकोची अबेके' रेडिओवर आठवड्यातून दोनदा.

तिची इंग्रजीची इयत्ता मी विचारली असती तर पंचाईत झाली असती. पण विचारणार कोण? लोक भजी घ्यायच्या निमित्ताने तिच्याकडे उभे राहायला लागले आणि सुनमोनूच्या फळीवर दगडच जास्त दिसायला लागले.

निवडणूक जवळ आली, तसा आमच्या आमदाराने रस्ता रुंद करायचा घाट घातला. कडेच्या सगळ्या टपऱ्या उठणार होत्या. अबेकेची उठणार, सुनमोनूचा ठेला उठणार आणि रिसिकातची पिठाची पाटीही उठणार. अबेके रेडिओवरून दर खेपेला सांगायला लागली, "बायांनो, नुसतं हळहळून काय होतंय? नाव नोंदवा, कार्ड घ्या." आणि बायका गेल्या! जन्मात मतदान न केलेल्या बायका, सुतार, चपला शिवणारे, तिला सोडून त्रेचाळीस जणांनी नावं नोंदवली. मी वीस वर्षं देशाचं राजकारण समजावून सांगितलं, तेव्हा बाकावरून उठून कोणी मतदान केंद्रापर्यंत गेलं नव्हतं. चहा मात्र भरपूर संपला होता.

त्या त्रेचाळिसांत रिसिकातही होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा. आता सकाळी मी घरी आलो की ती हात वर करून म्हणायची, "थांबा जरा, अबेके बोलतेय."

तर तो दिवस. कार्डं वाटायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. अबेकेने आदल्या सकाळी रेडिओवरून घसा फोडून सांगितलं होतं, उद्या गेला नाहीत तर कार्ड विसरा. मी सातला ठेल्यावर गेलो, तर एका पेपरवर ही एवढी मोठी अक्षरं: 'मतदार कार्डांसाठी आणखी एक आठवडा'. खाली घडी, वर दगड.

माझा आवाज आपोआप चढला. "मुदत वाढली! आठवडाभर वाढली!"

"पण अबेके तर म्हणते आज शेवटचा," चपला शिवणारा गनियू म्हणाला. "आणि फोनवर दोन्ही आलंय. वाढली पण, आणि नाही वाढली पण."

"फोनवर तर माझ्या मरणाची बातमी पण येईल, उद्या खड्डा खणशील?" मी म्हणालो. "हे छापलेलं आहे, गनियू. छापलेलं! रेडिओ कालचं शिळं बोलतो."

अबेके कढईपलीकडून ओरडली, "मास्तर, नक्की ना? लोकांची दिवसभराची कमाई बुडते म्हणून ते न जायला कारणच शोधतायत हो."

"तू भजी जाळू नकोस," मी म्हणालो. सगळे हसले. कितीतरी महिन्यांनी माझ्या बोलण्यावर हसले. रांग मोठी, ऊन कडक, त्यामुळे लोकांना माझं म्हणणं गोडच लागलं. एकेक जण आपापल्या कामाला लागला. अबेके स्वतः मात्र कढई उतरवून एकटी गेली.

घरी रिसिकात नवा डोक्याचा रुमाल बांधून, पिशवी घेऊन दारातच उभी होती. मी म्हणालो, "कुठे निघालीस? आठवडाभर मुदत वाढलीय."

"नक्की?"

"मी वाचलंय."

तिने पिशवी खुंटीला लावली. मग इतक्या दिवसांनी विचारलं, "आणखी काय आलंय आज?" मी अर्धा तास सांगत बसलो. तिने रेडिओ लावला नाही. तेवढ्यासाठी मी काय दिलं असतं, देव जाणे. पुढे दिलंच.

दुपारी एकच्या सुमाराला मी पुन्हा ठेल्यावर गेलो, खरं तर मिरवायलाच. फळीपाशी कोणी नव्हतं. सुनमोनू टोपी तोंडावर घेऊन डुलक्या काढत होता. वाऱ्याने दगड सरकला होता आणि घडी सुटून पेपर अर्धा लोंबत होता. मथळ्याखाली, घडीच्या पलीकडे, बारीक अक्षरांत दुसरी ओळ होती: 'पक्षांची मागणी; आयोगाचा स्पष्ट नकार. वाटप आज पाचला बंद.'

एक वाजला होता. चार तास हातात होते. तिठ्यावर उभा राहून एक हाक मारली असती तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस माणसं पळत गेली असती. मी तोंड उघडलंही. पण समोर अबेकेची रिकामी चूल दिसली. ती परत येणार, कार्ड दाखवणार आणि सगळे म्हणणार, "बघा, बाई बरोबर होती." माझं तोंड मिटलं.

त्या पेपराची ठेल्यावर एकच प्रत यायची. मी खिशातून पैसे काढले आणि सुनमोनूला हलवलं.

तो डोळे चोळत बघतच राहिला. "मास्तर? विकत?"

"दे रे. शब्दकोडं सोडवायचंय."

"थांबा, थांबा, कोणाला तरी साक्षीला बोलावतो! मास्तरांनी पेपर विकत घेतला हो!" तो रस्ताभर ओरडला. मी पेपर काखेत मारून घरी आलो आणि शाळेच्या जुन्या दाखल्यांच्या पेटीत तळाशी घातला. रिसिकात मागच्या अंगणात पीठ चाळत होती. मी तिच्यासमोरून दोनदा गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कार्ड आणायला गेली, तर कार्यालयाला कुलूप. परत आली ती आयोगाला शिव्या देत. मीही दिल्या. सगळ्यांत मोठ्याने मीच दिल्या. "छापून शब्द फिरवतात, नालायक!" मी बाकावर उभा राहून म्हणालो आणि लोकांनी माना डोलावल्या. अबेके मात्र माझ्याकडे बघत राहिली.

मतदानाच्या दिवशी माझं जुनं कार्ड घेऊन मी मत दिलं. अबेकेनेही दिलं. त्रेचाळीस जण केंद्राभोवतीच्या दोरीबाहेर उभे होते, कारण मोजणी बघायला कार्ड लागत नाही. आमच्याकडे मतं तिथेच, सगळ्यांसमोर मोजतात. अधिकारी एकेक पत्रिका वर धरतो आणि गर्दी एका सुरात आकडा म्हणते. रिसिकातही म्हणत होती. तोच नवा रुमाल बांधून, पुढे उभी राहून, दुसऱ्यांची मतं मोठ्याने मोजत होती. आमच्या केंद्रावर आमदाराला एकशे सतरा आणि समोरच्याला अठ्ठ्याऐंशी.

"एकोणतीस," गनियू म्हणाला. "आणि इथे आम्ही त्रेचाळीस."

आमदार सगळीकडून निवडून आला, हजारोंनी. आमच्या त्रेचाळिसांनी तिथे काही फरक पडला नसता. या आकड्याआड लपायचा मी खूप प्रयत्न केला. जागा पुरली नाही.

कारण तिथेच, मोजणी संपल्यावर, सुनमोनू लोकांचा चेहरा खुलवावा म्हणून म्हणाला, "अरे, हे वर्षच उलटं आहे. मास्तरांनी पेपर विकत घेतला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं!"

"कधी घेतला?" अबेकेने विचारलं.

"कार्डांच्या शेवटच्या दिवशी. दुपारी."

रिसिकात माझ्याकडे न बघता घरी गेली.

मी पोहोचलो तेव्हा पेटी उघडी होती आणि चटईवर पेपर पसरलेला होता, घडी पूर्ण उलगडून. ती समोर बसली होती.

"वाचा," ती म्हणाली.

"रिसिकात, ऐक..."

"मला येत नाही म्हणून सांगतेय. वाचा. वरची ओळ मला पाठ आहे. खालची वाचा."

तीस वर्षं वर्गात मुलांना धडे वाचून दाखवले, पण इतकी लांब ओळ कधी वाचली नव्हती. मी योरुबात अर्थ सांगितला. तिने शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं, जणू अक्षर ओळखू येईल.

"हे तुम्ही कधी वाचलंत?"

"त्या दिवशी. एकच्या सुमाराला."

"एक वाजता मी अंगणात होते," ती म्हणाली. "पीठ चाळत होते. तुम्ही दोनदा माझ्यासमोरून गेलात."

तिने पेपर घडी घालून परत पेटीत ठेवला, दाखल्यांवर, सगळ्यांत वर. भांडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मी ठेल्यावर गेलो. बाक रिकामा होता आणि तरी मी उभाच राहिलो. समोर अबेकेच्या टपरीत रेडिओ लावलेला, त्याभोवती नेहमीची गर्दी. पेपर वाचून झाले आणि अकिंदेने पहिला फोन घेतला.

"ओके-इरोकोवरून बोलतेय," आवाज आला. "मी अबेके नाही. मी रिसिकात. कोनफळाचं पीठ विकते."

गर्दीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"बोला, इया! बोला, आई!" अकिंदे म्हणाला.

"मला त्रेपन्न वर्षं झाली. या वेळी पहिल्यांदा मत द्यायचं होतं. माझं कार्ड अजून तिथे कार्यालयात पडलंय, माझा फोटो लावलेलं."

"अहो, पण अबेकेने इथून सांगितलं होतं ना, शेवटचा दिवस म्हणून? ऐकलं नाही का तुम्ही?"

"ऐकलं होतं. पिशवी घेऊन दारात उभी होते मी."

"मग गेला का नाहीत?"

अबेकेने कढईखालचा जाळ कमी केला.

"माझ्या घरात शिकलेलं माणूस आहे," रिसिकात म्हणाली, आणि फोन ठेवला.

सुनमोनूने फळीवरचे दगड उगाच उचलले आणि पुन्हा ठेवले. मला शरम वाटली, हे सांगायला नको. पण ती दुसऱ्यांदा वाटली. पहिल्यांदा जे मनात आलं ते वेगळं होतं, आणि एवढं सगळं सांगितलंय तर तेही सांगतो: अकरा वर्षं मी हा नंबर फिरवतोय, आणि हिचा पहिल्याच खेपेला लागला.