ताटलीतली फडकती नस

अहेरीच्या बाजारात त्या दिवशी मिरच्या पडून, मोहफुलं पडून, बांगड्याही पडून. बाजार सगळा नसवाल्या बाबाच्या मांडवात घुसला होता. मांडवामागं नवसाचा बोकड नुकताच कापला होता, आणि त्याच्या मांडीचा तुकडा चांदीच्या ताटलीत निपचित पडला होता.

"मायबहिणींनो," बाबा म्हणाला, "कोख म्हणजे वाडी, अन् नस म्हणजे पाट. पाट आटला का वाडी करपली. आता पाहा."

त्यानं चिमूटभर भस्म टाकलं. तुकडा थरथरला, मग फडफडला, जणू त्याला काही आठवलं. एका म्हातारीनं ताटलीलाच हात जोडले.

"मेलेली नस उठते, त जित्या बाईची नाई उठणार?" बाबा गरजला.

रांगेत शगुफ्ता उभी होती. वय छत्तीस, लग्नाला अकरा वर्षं, पाळणा रिकामा. वर्षभरापासून पाळीही रुसल्यासारखी, कधी येई, कधी नाही. दवाखान्यातल्या सीताबाई सिस्टरनं तपासण्या करवून घेतल्या होत्या, डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. तिचा नवरा रईस, शिंपी, तेवढा दवाखान्याची पायरी चढला नव्हता. "मी धडधाकट माणूस," म्हणायचा, "मले काऊन सुई?"

बाबानं तिचं मनगट चाचपलं. "नस सुकली. सात शुक्रवार भस्म चाट. गोळ्या आजपासून बंद."

अकरा वर्षांत तिनं खूप काही चाटलं होतं. गोळ्यांची पट्टी तिनं पदराआडून काढली, बाबाच्या दानपेटीपुढं ठेवायला निघाली, आणि भस्म जिभेवर ठेवलं.

खारट.

एकदम अब्बाचं दुकान समोर उभं राहिलं. गिऱ्हाईक विचारायचं, "शिळं त नाई ना, नूरुद्दीनभाऊ?" अब्बा कापलेल्या गरम मांसावर चिमूटभर मीठ टाकायचे. ते फडकायचं, गिऱ्हाईक पिशवी पुढं करायचं. कसायाची लेक ती, हे रोज पाहत वाढलेली. पण लाकडी ठोकळ्यावरची गोष्ट चांदीच्या ताटलीत गेली, आणि तीच भुलली.

पट्टी तिनं परत पदरात बांधली. समोरच भावाचं, जुबेरचं मटणाचं दुकान होतं.

"जुबेर, सकाळचा एक तुकडा आण. अन् आत्ताच कापलेला एक. मीठही आण."

सकाळचा तुकडा तिनं ताटलीत ठेवला. "बाबा, याची नस उठवा."

बाबानं भस्म टाकलं. पुन्हा टाकलं. तुकडा ढिम्म.

"याच्यात श्रद्धा नाई," बाबा म्हणाला.

"बोकडाची का?" जुबेरनं विचारलं.

मग शगुफ्तानं ताज्या तुकड्यावर दुकानातलं मीठ टाकलं. तो असा फडफडला की पुढची रांग मागं सरली.

"मिठावर माझी नजर पडली ना," बाबा म्हणाला.

"मंग सकाळच्या तुकड्यावर काऊन नाई पडली बाबा?" हात जोडणारी म्हातारी म्हणाली. मांडवात हशा पिकला आणि बाबाचे चेले सतरंजी गुंडाळू लागले.

भाजी घ्यायला आलेल्या सीताबाईंना शगुफ्तानं गाठलं. "नसेचं सारं खोटंच का सिस्टर?"

"अर्धं खरं हाय, म्हणून त लोक भुलतात. ताज्या मांसात घडीभर जोर उरते, मिठानं ते आखडते. त्याले जिवंत होणं म्हणत नाई. आपला मेंदू मात्र अंडाशयाले खरंच निरोप धाडते, नसाही पोचतात तिथं. फार चिंता झाली, थायरॉइड बिघडला, त पाळी अडखळते. त्याच्यावर इलाज हाय. पण बीजं बाई जन्मतानाच घेऊन येते, वयासंगं ती सरत जातात. भस्मानं एक वाढत नाई."

"मंग मले होईल का?"

"सांगता येत नाई. खोटं सांगणारे पुष्कळ हायेत, मी त्यांच्यात नाई. पण गोळी सोडू नको. अन् अर्धी तपासणी अजून बाकी हाय." सीताबाईंनी गलका ऐकून शिवणकाम टाकून आलेल्या रईसकडं पाहिलं.

रईस गळ्यातली टेप सारखी करू लागला. "मले काऊन?"

"लेकरू एकटीच्या नसेनं होते का?" शगुफ्ता म्हणाली. "उद्या नऊ वाजता. टेप घरी ठेवा."

दुसऱ्या दिवशी दोघंही दवाखान्याच्या बाकावर बसली होती.

कोणी चमत्कार दाखवला, तर त्याला एवढंच म्हणा: आम्ही आणलेल्या वस्तूवर करून दाखव. जो दाखवत नाही, त्याच्या हाती आपली वर्षं देऊ नका. ती परत मिळत नाहीत.