आयुधपूजेचा फोटो

लोखंडी गजाचा पहिला फटका विठोजींच्या खांद्यावर बसला. मारतहळ्ळीच्या घरी लॅपटॉपवर गोदामाच्या कॅमेऱ्यातून ते बघताना शलाकाच्या हातून चहाचा कप सुटला. बोम्मसंद्र्याच्या औषध-गोदामाला आज दसऱ्याची सुट्टी. राखणीला एकटे विठोजी, साठी उलटलेले. दुसरा फटका जबड्यावर पडला. रक्त थुंकत ते शीतखोलीत शिरले आणि दार ओढून घेतलं.

गोदामाची कुलपं शलाकाच्याच कंपनीने बसवलेली, इंटरनेटवरून चालणारी. त्यांची किल्ली म्हणजे चाळीस अक्षरांची एक ओळ. जो ती ओळ पाठवील त्याला यंत्रणा मालक समजते. तोंड पाहत नाही. मग गज घेऊन आत शिरलेल्या या दोघांना ती मिळाली कुठून?

तिने आधी पोलिसांना कळवलं, मग सहकाऱ्याला फोन लावला. "शंभूराज, काल आयुधपूजेला लॅपटॉपला कुंकू लावून तूच फोटो टाकलास ना कंपनीच्या ग्रुपवर?"

"हो अक्का. झेंडूचा हार काय शोभत—"

"हार राहू दे! स्क्रीन चालू होता. किल्ली अक्षर न् अक्षर वाचता येतेय. आणि आपण कामावरून काढलेला ड्रायव्हर अजून त्या ग्रुपमध्ये आहे. तोच गज घेऊन उभा आहे गोदामात."

पडद्यावर ड्रायव्हरचा सोबती शीतखोलीच्या दारापाशी मोबाइल काढत होता. फाटक त्यानेच मोबाइलवरून किल्ली पाठवून उघडलं होतं.

"किल्ली रद्द करते."

"थांबा अक्का! गारव्याची यंत्रंही त्याच किल्लीवर आहेत. ती बंद पडून शीतखोलीतली सगळी लस नासेल!"

"आळसाने एकच किल्ली सगळीकडे कुणी डकवली? आपणच ना? नासू दे. आत माणूस आहे."

तिने बटण दाबलं. दारावरचा दिवा लालच राहिला, कुलूप उघडलं नाही. सोबती पुन्हा पुन्हा मोबाइल दाबत होता. ड्रायव्हरने दारावर गज घातला, ठिणग्या उडाल्या. चवताळून त्याने तोच गज सोबत्याच्या डोक्यात हाणला. तो जागीच कोसळला. ड्रायव्हर दार ठोकत राहिला, पोलिसांनी त्याला खाली पाडेपर्यंत.

शीतखोली आतून साध्या मुठीने उघडते. पोलिसांची हाक ओळखल्यावरच विठोजींनी ती फिरवली.

लस नासली. शलाकाने प्रत्येक कामाला वेगळी किल्ली केली आणि त्या कुणाच्याही स्क्रीनवर न दिसणाऱ्या कुलूपबंद डिजिटल तिजोरीत ठेवल्या. इस्पितळात तिने हे सांगितलं, तेव्हा जबडा तारांनी बांधलेल्या विठोजींनी कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं :

'आधी त्या ग्रुपातून कुणाकुणाला काढलंस ते सांग, पोरी.'