ऐनवेळचा विषय

"ताई, हा विषय घेऊ नका. यानं नोकरी लागत नाही, भांडणं मात्र लागतात."

अभ्यासकेंद्राच्या खिडकीतला कारकून हे म्हणाला तेव्हा त्याच्या ओठांत टाचणी होती आणि तिच्या कडेवर ठमी. शासनव्यवहार आणि मानवी हक्क, एम. ए., घरबसल्या. बायका सहसा ग्रंथालयशास्त्र घेतात, घरात शांतता राहते, असंही त्यानं आपलेपणानं सांगून पाहिलं. तिला हसूच आलं. दीड वर्षाच्या पोरीमागे धावताना केस विंचरायला फुरसत मिळत नव्हती, भांडायला कुठून मिळणार? तिनं फॉर्म पुढे सरकवला आणि त्याच्या म्हणण्याकडे साफ कानाडोळा केला.

मुळात ती भांडखोर नव्हतीच. घाबरट होती. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिनं जुने मोजे बांधून ठेवले होते. स्वयंपाकघराच्या दारात सुताराकडून गुडघ्याएवढं फाटक बसवून घेतलं होतं. ठमी जरा जास्त वेळ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, मग ठमी जागी व्हायची आणि नवरा म्हणायचा, "झोपू दे की तिला सुखानं. श्वास घ्यायचा तिला माहितीये." नवरा औषधांच्या दुकानात कामाला. माणूस गमत्या होता आणि बायकोच्या शिक्षणाच्या आड येणारा नव्हता. "शीक, शीक. माझे हक्क काय आहेत तेही बघून ठेव," म्हणायचा.

घर भाड्याचं, चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. घरात फोनला रेंजही नाही. रेंज यायची ती फक्त बाहेर, जिन्यापाशी, दोन दारांच्या मधल्या मोकळ्या जागेत. म्हणून दुपारी ती तिथं चटई टाकायची, ठमीपुढे डबे-झाकणं मांडायची आणि फोन भिंतीला टेकवून व्याख्यान ऐकत बसायची. पहिल्याच आठवड्यात समोरच्या दारातून आवाज आला.

"तो मास्तर नाकात बोलतो. आवाज वाढव."

समोरच्या घराला दोन दारं होती. आत लाकडाचं, बाहेर लोखंडी जाळीचं. लाकडी दार उघडून, जाळीआड खुर्ची टाकून एक म्हातारी ताठ बसली होती. छातीवर पिनेनं लावलेलं छोटं घड्याळ. जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

या मेट्रनबाई. सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या आई. सेक्रेटरी विम्याच्या कचेरीत आणि त्यांची बायको शाळेत, दोघं सकाळी बाहेर पडत ते संध्याकाळी येत. जाताना कुलूप घालत. इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे म्हणत, बिचारा किती काळजी घेतो आईची.

कुलपामागे कारणही होतं. एके दिवशी मेट्रनबाई चपला घालून निघाल्या त्या थेट आपल्या जुन्या इस्पितळात पोचल्या आणि वॉर्डात उभं राहून चादरी नीट नाहीत म्हणून तिथल्या मुलींना फैलावर घेतलं. सेक्रेटरींना कचेरीतून धावत जावं लागलं. त्याआधी एकदा जिन्यात पडल्या होत्या. कधी गॅसवर दूध तसंच राहायचं.

"मी काही हरवले नव्हते," त्या म्हणाल्या. "कामावर गेले होते." आणि मग, "तिथं गेल्यावर कळलं, आपलं काम संपलंय. तेवढं विसरले होते."

तिनं त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली. त्या तिला कॉलेजकुमारी म्हणत. व्याख्यान दोघी मिळून ऐकू लागल्या. अटक झालेल्या माणसाला कारण सांगितलं पाहिजे, असा भाग आला त्या दिवशी मावशींनी जाळीतून बोट बाहेर काढून फोनकडे रोखलं आणि म्हणाल्या, "माझ्यावर कुठलं कलम लावलंय, तेवढं विचार तुझ्या मास्तरला." ठमीनं ते बोट धरलं आणि सोडेना. तिघी हसल्या.

हसण्यावारी गेलं ते तेवढ्यावरच राहिलं असतं. पण पहिल्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सूचना अशी होती की, आपल्या परिसरातल्या एखाद्या माणसाबाबत झालेला एक निर्णय निवडा. तो कोणी घेतला, त्या माणसाला विचारलं का, आणि दाद मागायची झाली तर कुठे, हे लिहा. ती पाणीपुरवठ्यावर लिहिणार होती. कोणाला न दुखावणारा विषय. नगरपालिका काही जिन्यात भेटत नाही.

मग एका दुपारी तळमजल्यावरची मीटरची पेटी जळली.

धूर जिन्यातूनच वर आला, काळा, रबराच्या वासाचा. तिनं ठमीला उचललं, ओल्या फडक्यानं तिचं तोंड झाकलं आणि पळत सुटली. मधल्या वळणावर पाय थबकले. वर कुलूप होतं. खाली दार होतं. हातात पोर होती. ती उतरली. खाली इस्त्रीवाल्याच्या हातात ठमीला दिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पोरीला परक्या हातात दिलं. मग पुन्हा वर धावली.

मावशी जाळीआड खुर्चीत बसल्या होत्या. नाकावर ओला टॉवेल, मांडीवर पर्स. कुठं निघालेल्या बाईसारख्या.

"वर कशाला आलीस?" त्या टॉवेलमधून म्हणाल्या. "लेकरू आहे तुला. खाली जा."

तिनं कुलूप हिसडून पाहिलं, खलबत्त्यातला बत्ता आणून घातला. कुलूप चांगल्या कंपनीचं होतं. शेवटी ती जाळीला टेकून बसली, आतून मावशींनी बोटं बाहेर काढली, ती तिनं धरून ठेवली. खाली कोणीतरी मुख्य बटण पाडलं, वायरी जळून विझल्या, धूर हळूहळू निवळला. कोणाला काही झालं नाही. म्हणजे इमारतीचं तसं म्हणणं पडलं.

संध्याकाळी सेक्रेटरी तिच्या दारात आले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "वहिनी, तुमचे उपकार विसरणार नाही," म्हणाले. तिनं धीर करून विचारलं, आता तरी किल्ली आत ठेवाल ना? दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात कॅमेरा बसवून घेतला. म्हणजे आता कचेरीतून आईकडे बघता येणार होतं. कुलूप होतं तिथंच होतं.

ती पुन्हा बोलायला गेली तेव्हा सेक्रेटरींची बायको कणीक मळता मळता म्हणाली, "तुम्ही पोरीसाठी फाटक नाही लावलंत? मग तेही हक्कात बसत नाही म्हणा."

ती परतली. त्या फाटकाकडे बघत जेवली. धुणं वाळत घालताना उत्तर सुचलं आणि तशीच ओल्या हातांनी समोर गेली. "वहिनी, ते फाटक मी काढायचं म्हणूनच लावलंय. ठमीला कळायला लागलं की निघेल. तुमचं कधी निघणार, ते सांगा."

दार लागलं. जोरात नाही, पण लागलं. खिडकीतला कारकून तिला त्या दिवशी आठवला.

रात्री नवरा म्हणाला, "आपण भाडेकरू आहोत, एवढं लक्षात ठेव. करार संपत आलाय. नव्या करारासाठी लागणारं सोसायटीचं पत्र सेक्रेटरीच देतो." ती म्हणाली, माहितीये. दिवा मालवताना तो म्हणाला, "पाणीपुरवठा काय वाईट होता गं?"

पण पाणीपुरवठा आता तिच्या हातून लिहून होणार नव्हता. पुढच्या दुपारी तिनं व्याख्यान लावलंच नाही. जाळीपाशी बसली आणि विचारलं, "मावशी, रविवारी सोसायटीची सभा आहे. मी तुमच्याबद्दल बोलू का?"

मावशींनी घड्याळाची पिन चाचपली. "तू नको बोलूस," त्या म्हणाल्या. "तू बोललीस की ते तुझं भांडण होईल. मला खाली ने. माझं मी बघते."

खाली न्यायचं कसं, हा प्रश्न तिनं तीन दिवस चघळला. उत्तर सेक्रेटरींनीच दिलं.

सेक्रेटरी नियमाचा माणूस. गाडी पट्ट्याबाहेर गेली की चिठ्ठी, कुंडी कठड्यावर दिसली की चिठ्ठी. 'नियम म्हणजे नियम' हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं होतं की मुलं त्यांना मागून नियमकाका म्हणत. रविवारी सकाळी गाड्या बाहेर काढून पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. विषय लिफ्टचा होता. लिफ्टचा ठराव सेक्रेटरींनी वर्षभर खपून तयार केला होता, आणि त्याला सभासदांची पुरी संख्या लागत होती. डोकी मोजली तर एक कमी भरलं.

"आईची सही मी करतो," सेक्रेटरी सवयीनं म्हणाले आणि त्यांनी हजेरीची वही ओढली. दरवर्षी असंच होत असणार. घर मेट्रनबाईंच्या नावावर होतं, म्हणजे सभासद त्या. मुलगा त्यांच्या वतीनं सगळं बघायचा.

ती मागं, खांबापाशी, ठमीला घेऊन उभी होती. भाडेकरूला सभेत बोलता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठमीला तिनं इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

"सभासद घरात आहेत," ती म्हणाली. "सही त्यांचीच हवी ना? त्यांना बोलवा."

सगळ्यांच्या माना वळल्या. सेक्रेटरी समजावणीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सभेत बोलता येत नाही."

"मला नाही येत. त्यांना येतं. नियम म्हणजे नियम. किल्ली तुमच्या खिशात आहे."

कोणीतरी खोकलं. तळमजल्यावरच्या आजोबांना लिफ्ट नकोच होती, त्यांना वर चढायचंच नव्हतं. त्यांनी संधी साधली. "बरोबर बोलतेय ती. दुसऱ्यानं केलेली सही चालणार नाही. मी हरकत घेईन."

सेक्रेटरी वर गेले. सभा जिन्याकडे बघत राहिली. खूप वेळानं आधी काठीचा आवाज आला, मग पावलं. मेट्रनबाई उतरत होत्या. इस्त्रीचे कपडे, छातीवर घड्याळ, एक हात कठड्यावर. मुलगा दोन पायऱ्या पुढे, उलटा वळून, दोन्ही हात पसरून उतरत होता. त्या पडल्याच तर झेलायला. त्यांनी त्या हातांना हात लावला नाही. पण त्याला बाजूलाही केलं नाही.

त्यांनी सही केली. लिफ्टच्या ठरावाला हात वर केला. चहा आला, खुर्च्या सरकू लागल्या, आणि सेक्रेटरींनी विषयपत्रिकेतलं शेवटचं वाक्य भराभर वाचलं: अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. या विषयाला दरवर्षी सगळे उठतात.

"माझा आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

लोक कप घेऊन परत बसले.

"मला माझ्या दाराची किल्ली हवी. लिहून घ्या."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. ते अगदी हळू बोलले, जणू सभा नव्हतीच. "आई, तू विसरतेस. उद्या तू कुठं गेलीस, जिन्यात पडलीस, तर जबाबदार कोण?"

"मी," त्या म्हणाल्या. "विसरते मी, खरंय. पडेनही. इस्पितळात माझ्या हाताखाली माणसं मेली, बाबा, पण कुठल्या पेशंटला मी कोंडून नाही ठेवलं. ज्याला घरी जायचं असेल त्याला कागदावर सही करून जाता येत होतं. मला आपल्याच घरातून बाहेर जाता येत नाही."

अध्यक्षांनी आधी घसा आणि मग चष्मा साफ केला, म्हणाले, नोंद घ्या. सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं नोंद लिहिली. मग खिशातून जुडगा काढून त्यातली एक किल्ली सोडवू लागले. कडी घट्ट होती, नख लागेना. शेवटी आईनंच जुडगा घेतला आणि छातीवरच्या पिनेनं कडी उचकटली.

त्यानंतर थोडे दिवस फार छान गेले. मावशी दुपारी आपली खुर्ची स्वतः बाहेर आणून चटईशेजारी टाकत. किल्ली घड्याळाच्या पिनेलाच अडकवलेली. एकदा इस्त्रीवाल्यापर्यंत जाऊन आल्या आणि त्याला घड्या नीट घालत नाही म्हणून झापलं. एकदा दूध उतू गेलं, तेव्हा ती धावत जाऊन गॅस बंद करून आली. कोणाला सांगितलं नाही.

मग करार संपला. भाडेकरूंबाबत सोसायटीचं नवं धोरण आलं होतं, पत्र मिळणार नव्हतं. सेक्रेटरींनी घरी येऊन सांगितलं नाही, दारातून चिठ्ठी सरकवली. नवरा म्हणाला, "चला, तुझं एम. ए. कामी आलं," आणि पेटाऱ्यांना दोऱ्या बांधायला बसला. रागावला नव्हता. टेबलाच्या कोपऱ्यांचे मोजे त्यानं आठवणीनं सोडून घेतले. फाटक तिनं स्वतः उखडलं.

निघायच्या दिवशी मावशींनी आपलं दार आपल्या हातानं लावलं, कुलूप ओढून पाहिलं आणि चार मजले उतरून त्यांना पोचवायला आल्या. टेम्पो वळला तेव्हा त्या इमारतीच्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. आता एवढं सगळं पुन्हा चढायचंय, हे त्यांच्या लक्षात आहे ना, याच काळजीनं तिनं मान वळवून वळवून पाहिलं.

नवं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आधी फोनवर बोलणं व्हायचं. मग मावशींचा फोन बंद लागू लागला. सेक्रेटरींना केला तर "आई बरी आहे," एवढंच. दोनदा ती ठमीला घेऊन निघाली; एकदा वाटेत पोरीला ताप भरला, एकदा खालच्या फाटकावर नव्या रखवालदारानं अडवलं. नाव लिहून वरून परवानगी आणावी लागते म्हणाला. परवानगी आली नाही.

प्रकल्प तिनं पुरा केला. मार्गदर्शक बाईंनी तो वाचून शेवटच्या परिच्छेदावर तांबडी रेघ मारली. हा निष्कर्ष नाही, काढून टाका, गुण जातील. तिनं सगळं नीटनेटकं पुन्हा लिहिलं, समासही सोडला, आणि तो परिच्छेद होता तसाच ठेवून पाठवून दिला:

'हे ज्यांच्या हाती पडेल त्यांना विनंती. आपण त्या बाजूला गेलात तर चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन या. लिफ्ट झाली असेल तर लिफ्टनं जा. डावीकडचं जाळीचं दार. बाहेरून कुलूप आहे का, ते पाहा. असलं, तर बेल वाजवू नका. बेल वाजली की त्या उठायची घाई करतात आणि पाय अडकतो. नुसतं दाराशी उभं राहून काहीतरी वाचा. काहीही चालेल, पण जरा हळू आवाजात वाचा. आत त्या असतील, तर म्हणतील, आवाज वाढव. म्हणाल्या का, तेवढं मला कळवा.'